काका, त्या गप्प नव्हत्या

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं. ते पुसून टाकलं, रागात लिहिलेलं होतं. आज सुट्टी आहे, निवांत लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कामाच्या ठिकाणच्या संवादावरचा एक ऑनलाइन कोर्स मी नुकताच केला. त्यावर लिहिताना म्हटलं होतं की वर्गात जे बोलत नाहीत त्यांना काही येत नाही असं नसतं. बरेच जण ऑफिसातली उतरंड सोबत घेऊनच लॉगिन करतात. काकांना हे पटलेलं नाही. त्यांनी पाटबंधारे खात्यात 34 वर्षं काढली, वरिष्ठांचं चुकलं तेव्हा तोंडावर सांगितलं. त्यांच्या मते ज्याला विषय येतो तो बोलतो. ज्याला येत नाही तो आपला आळस ‘सत्ता’ नावाच्या खुंटीला टांगतो. आणि वरिष्ठांना मान देणं हा संस्कार आहे, त्यात सत्ता कसली शोधता?

आळसाचं आधी मान्य करते. आमच्याकडे 100 पैकी 20 गुण ‘सहभागा’ला होते. त्यामुळे चॅटमध्ये ‘छान मुद्दा, सर’, ‘अगदी सहमत’ यांचा पाऊस पडायचा, आणि त्यातले निदान तीन थेंब माझे आहेत. एकदा तर मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. कुठला मुद्दा छान होता ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हा गप्प बसलेला प्रत्येक जण विचारात बुडालेला असतो, असा माझ्या लेखाचा सूर लागला असेल तर तो चुकलाच. पण त्या वीस गुणांच्या हिशेबात मी सहभागी ठरले, आणि मी लेखात उल्लेख केलेल्या बाई नाही ठरल्या.

त्यांचा प्रसंग मी दोन ओळींत उरकला, तिथेच घोळ झाला असावा. आता नीट सांगते. (त्यांना विचारलं आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

आमच्या वर्गात एकाच कार्यालयातले दोघं होते: एक विभागप्रमुख साहेब आणि त्यांच्याच हाताखालच्या या बाई. एका गुरुवारी आम्हा चौघांचा गट करून वेगळ्या खोलीत टाकलं, म्हणजे स्क्रीनवरच्या. प्रश्न असा की वरिष्ठांनी केलेल्या तक्त्यात चूक आहे, बैठक दहा मिनिटांवर आली आहे, काय कराल? साहेब बोलत होते, आम्ही दोघं अधूनमधून हूं हूं. बाईंचा माइक बंद, कॅमेरा बंद, नुसता नावाचा काळा चौकोन. मग साहेबांचं नेट गेलं. चेहरा अर्ध्या वाक्यात गोठला आणि नाहीसा झाला.

बाईंचा माइक उघडला. सहा-सात मिनिटं बोलल्या. तक्ता दुरुस्त करून नवी प्रत काढायची, जुनी-नवी दोन्ही साहेबांसमोर ठेवायची आणि विचारायचं, ‘यातली कुठली लावू?’ चूक हा शब्द उच्चारायचाच नाही. फाइलवर तर मुळीच लिहायचं नाही, फाइल दहा वर्षांनीही कुणी उघडतं. आत जाण्याआधी चहा देऊन आलेल्या मामांना विचारायचं, आज हवा कशी आहे. आम्हाला दाखवलेल्या एकाही स्लाइडवर यातलं काही नव्हतं. मी वहीत भराभर लिहून घेत होते.

तेवढ्यात साहेब परत आले. बाई वाक्याच्या मध्यावर होत्या. ते त्यांनी असं संपवलं: ‘...म्हणजे साहेब मघाशी म्हणाले तसंच.’ आणि माइक बंद. साहेब मघाशी त्यातलं काहीही म्हणाले नव्हते.

तुम्ही अभियंता आहात, म्हणून वर्गात झालेलं आणखी एक उदाहरण देते. 27 जानेवारी 1986 ची रात्र. नासाचं चॅलेंजर अवकाशयान दुसऱ्या दिवशी उडायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. यानाला वर ढकलणारे रॉकेट, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांना भीती होती की त्यांच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या थंडीत ताठरतील आणि सांधे नीट बंद राहणार नाहीत. 53 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 12 सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असं त्यांनी सांगितलं. बैठक फोनवर होती. यूटा, अलाबामा आणि फ्लोरिडातली माणसं एका लाइनवर. नासाची मंडळी नाराज झाली, तेव्हा कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली आणि आपली लाइन म्यूट केली. ती पाच मिनिटं अर्धा तास चालली. आत रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन हे दोन अभियंते कागद पुढे करून पुन्हा पुन्हा समजावत होते. शेवटी वरच्या साहेबांनी अभियांत्रिकीच्या प्रमुखाला सांगितलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. लाइन परत जोडली तेव्हा उत्तर बदललेलं होतं. आणखी कुणाला काही म्हणायचंय का, असं नासाने विचारलं. कुणीच बोललं नाही. सकाळी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

बॉइजोलींना विषय येत होता, ते बोललेही होते. फक्त म्यूटच्या अलीकडे.

तुमच्यासारखा माणूसही त्या रात्री होता. त्याच कंपनीचे ॲलन मॅकडोनाल्ड फ्लोरिडात हजर होते. त्यांनी मंजुरीवर सही करायला साफ नकार दिला. मग सही यूटातून फॅक्सने आली. पुढे चौकशी आयोगासमोर खरं सांगितल्यावर कंपनीने त्यांना बाजूला सारलं, आणि अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर परत घेतलं. एकाने तोंडावर सांगितल्यावर त्याचं काय होतं, हे बाकीचे बघत असतात काका. तुमच्या किती बदल्या झाल्या, हे प्रतिक्रियेत नाही. की आठवलेले प्रसंग कार्यकारी अभियंता झाल्यानंतरचे आहेत? खोचकपणे विचारत नाही, खरंच वाचायला आवडेल.

आता मान आणि संस्कार. आमच्या कार्यालयात पंचावन्न वर्षांचे शिपाई ‘मामा’, झाडलोट करणाऱ्या ‘मावशी’, आणि पंचविशीतल्या नव्या अधिकारी ‘मॅडम’. ‘मामा, जरा सही द्या’ असं आजवर कुठल्या संचालकाला कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. (तुम्हाला काका म्हणतेय त्यात काय दडलंय याचाही विचार केला. तुम्हीच खाली ‘काका’ अशी सही केलीत म्हणून मी सुटले.) आणि फाइलवरची मराठी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ‘निधी विलंबाने वितरित करण्यात आला.’ कोणी केला? माणूसच नाही वाक्यात. पण ‘संबंधित लिपिकाने टिपणी विलंबाने सादर केली’ म्हटलं की कर्ता कसा ठसठशीत उभा राहतो.

त्या बाई पुढे कधी बोलल्या का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. शेवटच्या वर्गात सरांनी प्रश्न मागवले, तेव्हा मला खासगी निरोप आला: ‘ताई, एवढं विचाराल का? माझं नाव नको.’ प्रश्न होता, वरिष्ठ त्याच वर्गात बसलेले असताना कनिष्ठांच्या सहभागाचे गुण कसे मोजता? मी माइक उघडून विचारला. सर जरा थांबले, फार चांगला प्रश्न आहे म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली.

सहभागात मला 20 पैकी 18 मिळाले. बाईंनी त्यांचे कळवले: 9.