फुसक्या सुतळी बॉम्बची दारू आणि एक उपद्रवी संदेश

‘घरच्या घरी निर्धोक दिवाळी’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सांगलीत घरोघरच्या मोबाइलवर फिरत आहे. माझ्या वहिनीला तो भिशीच्या ग्रुपवर मिळाला, तिने तो मोठ्याने वाचला, आणि विश्रामबागेतल्या आमच्या घरी नऊ वर्षांच्या पुतण्याने त्याची लगेच अंमलबजावणीही केली. मी पाहिले तेव्हा तो किल्ल्यामागे बसून न वाजलेल्या सुतळी बॉम्बची वेष्टणे सोलत होता आणि आतली राखाडी दारू स्टीलच्या चमच्याने खरवडून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरत होता.

संदेशात लिहिले आहे की फुसके फटाके वाया घालवू नयेत, त्यांची दारू कागदावर काढून पेटवावी, ती ‘आवाज न करता नुसती भुरकन जळते’. लहानपणी आम्हीही हे उद्योग केले, हे नाकारत नाही. मात्र ती लवंगीची चिमूटभर दारू असे, आणि तेव्हाही एखाद्याच्या भुवया जळतच. सुतळी बॉम्बच्या दारूत ॲल्युमिनियमची बारीक भुकटी, गंधक आणि प्राणवायू पुरवणारा क्षार असतो. हे मिश्रण ठिणगीनेच काय, खरवडताना होणाऱ्या घर्षणानेही पेटू शकते, आणि पेटल्यावर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. उदबत्ती घेऊन वाकलेल्याचे तोंड तर नेमके ज्वाळेवरच असते. त्याच डब्याला झाकण लावले असते, तर कोंडलेल्या वायूने पत्र्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या. फुसका फटाका हाती घ्यायचा नसतो. बराच वेळ थांबून, लांबूनच त्यावर भरपूर पाणी ओतायचे असते. पुतण्याला दूर करून मी त्या डब्यावर पाइपने तेच केले.

‘न्यायालयाचे निर्बंध दिल्लीपुरते आहेत, आपल्याकडे कधीही वाजवा’ हा दुसरा दावा. बेरियमयुक्त फटाक्यांवरील बंदीसह आपले निर्देश संपूर्ण देशाला लागू आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2023 रोजी स्पष्ट केले आहे. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे फटाके वाजवण्यास 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच मनाई आहे, आणि त्या नियमांत दिल्लीचा काही संबंध नाही.

हरित फटाक्यांचाही धूर होतो, हे मात्र संदेशातले खरे विधान आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ते विकसित केले, तेव्हाच उत्सर्जन साधारण 30 टक्क्यांनी घटते, एवढाच त्यांचा दावा होता.

भाजल्यावर टूथपेस्ट लावण्याच्या सल्ल्याबद्दल अधिक काय लिहावे? नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे भाग धरावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी रॉकेट. ते ‘कोणत्याही बाटलीतून’ सोडावे, असे संदेश म्हणतो. हलकी बाटली कलंडली की रॉकेट आडवे सुटते. वहिनीने हा संदेश तासगावच्या मावशींनाही पाठवला आहे, आणि त्यांच्या परसात यंदा कडब्याच्या दोन गंजी आहेत.