पोरांना तराफा बांधू द्या, आपण पाण्यात उभं राहा

सुट्ट्या लागल्या की आमच्या जळगावात घरोघरी एकच चर्चा, पोरांना कुठल्या शिबिराला टाकलं. अबॅकस, स्केटिंग, हस्ताक्षर, काय काय. बाहेर 44-45 डिग्री, त्यामुळे शिबिर सुटलं की कूलरसमोर मोबाईल. माझं स्पष्ट मत सांगतो, आठ-नऊ वर्षांपुढच्या प्रत्येक पोरापोरीने एकदा तरी स्वतःच्या हाताने तराफा बांधावा, पाण्यात टाकावा आणि बुडला तर का बुडला ते स्वतः शोधून काढावं. विकतची हवेची बोट नको आणि पप्पांनी बांधून दिलेला तराफा तर अजिबातच नको.

खान्देशात राहून सामानाचं कारण तरी सांगू नका भो. रावेर-यावलकडे घड कापला की केळीचं खोड बांधावर फेकतात, कोणी विचारत नाही त्याला. त्याच्यासारखं तराफ्याचं सामान नाही. ताज्या खोडात जवळपास सगळं पाणीच असतं तरी ते तरंगतं, का? पोरांना आडवं कापून दाखवा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात आणि त्यात हवा भरलेली असते. पुस्तकातली घनता शिकायच्या आधी हे एकदा बघू द्या. चार-पाच सरळ खोडं शेजारी शेजारी ठेवायची, दोन्ही टोकांजवळ टोकदार बांबू आडवे आरपार ठोकायचे आणि वरून दोरीचे वेढे, झालं. एक खोड उचलायला दोन-तीन पोरं लागतात आणि तिथेच अर्धी मजा आहे, कोण पुढे, कोण मागे, कोण ओरडतंय. कपडे मात्र जुनेच घाला, केळीचा चीक एकदा लागला की तो डाग जात नाही.

केळी नसेल त्यांनी 20 लिटरचे झाकणाचे कॅन घ्या. ह्यातलं गणित मला फार आवडतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे 20 लिटरचा रिकामा बंद कॅन पूर्ण पाण्याखाली गेला तर स्वतःचं किलोभर वजन सोडून साधारण 19 किलो उचलून धरतो. आता 30 किलोची दोन पोरं बसवायची तर कॅन किती? माझ्या भाचीने धान्याच्या काट्यावर सगळ्यांची वजनं केली आणि चार कॅन म्हणाली, तिचा भाऊ म्हणाला बांबूचं वजन कोण धरणार, मग सहा ठरले. शाळेत ह्याच पोरीला शाब्दिक उदाहरणं नको वाटतात! आणि पाण्यात टाकल्यावर तराफा एका कोपऱ्याला कलायला लागला, एका कॅनचं झाकण सैल होतं. ते तिने स्वतः शोधलं. आम्ही मोठे सगळे बघत होतो, कोणी बोललं नाही, आणि हे न बोलणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

बांधायला पोरं आधी ठिबकच्या जुन्या नळ्या आणतात, शेतात त्याच पडलेल्या असतात ना, पण ती नळी गुळगुळीत, गाठ सरकते. हे त्यांना कळू द्या. मग पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणून लांब पट्ट्या कापा, ताणून बांधलं की रबर बांबूला घट्ट धरतं. इथे मी पोरांना थॉर हेयरडालची गोष्ट सांगतो, 1947 साली पेरूहून बाल्सा लाकडाच्या नऊ ओंडक्यांचा तराफा घेऊन पाच सोबत्यांबरोबर निघाला आणि 101 दिवसांनी पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियाच्या बेटांवर पोहोचला, सगळं दोरीने बांधलेलं. लोक म्हणत होते दोऱ्या घासून तुटतील, उलट त्या मऊ लाकडात रुतून बसल्या आणि टिकल्या. पोरं हे ऐकलं की आपल्या गाठी परत तपासायला जातात.

फवारणीच्या औषधाचे डबे, कितीही धुतले असले तरी, वापरू नका. थर्माकोल पण नको, भुगा होऊन नदीत जातो.

आता पाण्याबद्दल, कारण इथे माझं बोलणं कडक आहे. शेततळ्यात कधीच नाही. तो प्लास्टिकचा कागद, उतरते काठ, वर शेवाळ, एकदा आत घसरलं की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. गिरणा नदीत वाळूउपशाने जागोजागी खड्डे झालेत, गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला डोक्यावरून पाणी. म्हणून आधी मोठ्या माणसाने काठी घेऊन ती सगळी जागा पायाखालून घालायची, पाणी पोरांच्या मांडीच्या वर नको, आणि धरणातून आवर्तनाचं पाणी सुटणार आहे का ते गावात विचारून घ्यायचं. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालाही. तराफ्यावर उभं राहायचं नाही, बसूनच, वजन वर गेलं की उलटतो. वेळ सकाळी सहा ते नऊ, बस. आणि एक मोठा माणूस पूर्ण वेळ पाण्यात उभा, खिशात मोबाईल नसलेला. बांधायचं काम पोरांचं, हे काम आपलं.

ह्यावर मला म्हणतात, कशाला जोखीम घ्यायची. अहो, आपल्याकडे पूर्वी पोरं विहिरीत कमरेला डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकायची, काठावर कोणीतरी काका-मामा बसलेला असायचा. आता विहिरीही सुटल्या आणि काठावरचा मामाही सुटला. पोराला पाण्यापासून लांब ठेवलं तरी ते सोळा-सतराव्या वर्षी मित्रांबरोबर धरणावर जाणारच आहे, विसर्जनाला नदीत उतरणारच आहे, तेव्हा आपण नसतो आणि त्याला पाण्याचं काहीच माहीत नसतं. मला ती जोखीम जास्त वाटते.

खेळून झालं की तराफा तिथे सोडून यायचं नाही. दोऱ्या, ट्यूब, कॅन परत घरी, खोडं कापून शेतात नाहीतर खताच्या खड्ड्यात.

आमच्या जिभाऊंनी ह्या आठवड्यात घड कापलेत, खोडं बांधावर पडलीत. यावलच्या आसपासच्या कोणाला हवी असतील तर मेसेज करा, पण लवकर, उन्हात ती चार दिवसांत सुकून मऊ पडतात आणि मग बांबू धरत नाहीत.