म्हातारी झाली म्हणून कुत्रीचं हीटवर येणं थांबत नाही

सकाळी कुत्र्यांना फिरवायला येणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य सारखं ऐकू येतं: "आता नऊ वर्षांची झाली, तिचं बंद झालं असेल." नाही हो, हीटवर येणं, म्हणजे माजावर येणं, बंद होत नाही. बायकांची पाळी जाते तसं कुत्रीचं होत नाही. वय वाढलं की दोन हीटमधलं अंतर वाढतं, कधी रक्त इतकं कमी जातं की फरशीवर डागही दिसत नाही, पण चक्र मरेपर्यंत चालू असतं. आणि खरा धोका या उतारवयातल्या हीटनंतरच असतो.

दर हीटनंतर, कुत्री गाभण असो वा नसो, तिच्या अंगात साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. वर्षानुवर्षं हेच होत गेलं की त्या अस्तरात गाठी धरतात, आणि हीटमध्ये आत शिरलेले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, तिथे वाढतात. गर्भाशयात पू होतो. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत नसबंदी न झालेल्या चारातल्या जवळपास एकीला तो झालेला दिसला. "एकदा पिल्लं होऊ द्या, मग काही होत नाही" हा सल्ला आपल्याकडे फार चालतो. त्याच्या भरवशावर राहू नका, पिल्लं झालेल्या कुत्रीलाही पायोमेट्रा होतो.

आता नागपूरचं सांगते, कारण इथे हा आजार लपतो. लक्षणं काय? पाणी खूप पिणं, लघवी वाढणं, जेवण सोडणं, सुस्त पडणं, कधी उलटी. नवतपात हे बघून कोण घाबरेल? पारा 45 वर, सगळेच पाणी पितात, सगळेच कूलरसमोर पडून असतात. आमच्या गल्लीतल्या लॅब्रेडॉरला घरच्यांनी ऊन लागलं समजून ताक पाजलं, ओलं फडकं टाकलं. प्रेमात कसलीच कमी नव्हती. पण तिच्या गर्भाशयाचं तोंड बंद होतं, बाहेर एक थेंब पू आला नाही, आणि दवाखान्यात नेईपर्यंत विष अंगभर भिनलं होतं. ती गेली. मला अजून ते सहन होत नाही.

म्हणून पाणी मोजा. मापाच्या बाटलीनेच भांडं भरा. वजनाच्या किलोमागे दिवसाला 100 मिलीच्या वर, म्हणजे 20 किलोच्या कुत्रीने दोन लिटरहून जास्त प्यायलं, तर उन्हाळा म्हणून सोडून देऊ नका. हीटची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्यानंतरचे दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघा. हीट संपल्यावर पिवळट, तपकिरी किंवा वास येणारा स्राव दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्तनांवरून हात फिरवून गाठ बघत जा. अशा गाठींतल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात.

हीट येऊ नये म्हणून हार्मोनचं इंजेक्शन टोचून घेणारे लोक बघितले की जीव तुटतो. प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं ते औषध पायोमेट्राचा धोका वाढवतं.

"या वयात नसबंदीचं ऑपरेशन नको" हे मला पटत नाही. भीती समजते. ऑपरेशननंतर वजन वाढतं, काहींना लघवीवर ताबा राहत नाही, हेही खरं. पण रक्त तपासून, किडनी-हृदय बघून, हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी केलेली नसबंदी वेगळी, आणि पुवाने भरलेलं गर्भाशय ताप चढलेल्या कुत्रीच्या पोटातून मध्यरात्री काढणं वेगळं. दोन्हीत गर्भाशय काढायचंच आहे. तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. विश्वासाचे डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.