तीन मापांचं सप्तक: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल खरंच आभार, आणि ती वाचून दोन ओळींत उरकावंसं वाटलं नाही म्हणून हे लांबलचक उत्तर. सप्तकातल्या शेजारच्या स्वरांमधली अंतरं तीन वेगवेगळ्या मापांची असतात, असं मी म्हटलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सप्तकाला पूर्ण आणि अर्धं अशी दोनच अंतरं पुरतात, तिसरं माप हा आकड्यांचा खेळ आहे; नाट्यशास्त्रकार भरताने स्वरांची गुणोत्तरं कुठे दिलीयत; आणि तीन मापं घेतलीच तर ती कशीही लावता येतात, मग यात शास्त्र ते काय?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण खरी मजा तिथेच आहे.

श्रुती म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं सगळ्यात लहान माप, आणि ग्राम म्हणजे सात स्वरांची जुनी मूळ मांडणी. षड्जग्राम या मांडणीत सा चार श्रुतींचा, रे तीन, ग दोन, म चार, प चार, ध तीन, नि दोन. एकूण बावीस. स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर धरायचा, त्यामुळे सा पासून मोजलं तर रे तिसऱ्या श्रुतीवर, ग पाचव्या, म नवव्या, प तेराव्या, ध सोळाव्या आणि नि अठराव्या. आता नाट्यशास्त्राची अट बघा: दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असेल तर ते संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. म्हणजे मापं कशीही लावायची मोकळीक नाहीच, जास्तीत जास्त संवाद जमेल अशीच लावायची आहेत.

मग मी सगळ्या मांडण्या तपासल्या. चारची तीन अंतरं, तीनची दोन, दोनची दोन, यांच्या २१० मांडण्या होतात. कुठल्या स्वरापासून सुरुवात केली हा फरक सोडून दिला, म्हणजे एका ग्रामाच्या सातही मूर्च्छना एकच धरल्या, तर उरतात ३०. नऊ श्रुती भरायच्या तर लागोपाठच्या तीन अंतरांत चार, तीन, दोन हे प्रत्येकी एकदाच यायला पाहिजेत. हे सातही ठिकाणी साधायचं तर दर तीन घरांनी तेच माप परत यायला हवं, पण सातला तीनने भाग जात नाही, त्यामुळे सात संवादी जोड्या अशक्य, सहाही जमत नाहीत, जास्तीत जास्त पाच. आणि या पाच जोड्या ३० पैकी फक्त चार मांडण्यांत मिळतात: षड्जग्राम, मध्यमग्राम आणि या दोघांची उलटी रूपं. कागद घेऊन स्वतः करून बघा, एका संध्याकाळचं काम आहे. एवढ्या मांडण्यांतून परंपरेने नेमक्या याच दोन सांभाळल्या, याला मी तरी मनमानी म्हणणार नाही.

या दोन ग्रामांत फरक फक्त पंचमाचा, मध्यमग्रामात तो एक श्रुती खाली येतो. पण त्या एका श्रुतीने काय होतं बघा. षड्जग्रामात सा-प तेरा श्रुती, छान संवाद, पण रे-प दहा, म्हणजे बिघडलेला. पंचम उतरवला की रे-प नऊ होऊन जुळतो आणि सा-प बारा होऊन तुटतो. भरत स्वतः हे सांगतो, की मध्यमग्रामात सा-प संवाद नाही, पंचम-ऋषभ आहे. म्हणजे एक जोडी कुठेतरी सोडावीच लागते, ती कुठे सोडायची हे ठरवणं म्हणजे ग्राम निवडणं.

गुणोत्तरांचं म्हणाल तर भरताने ती दिलेली नाहीत हे अगदी बरोबर. पण त्याने कृती दिलीय. दोन सारख्या वीणा, एक ध्रुव (जिचे स्वर हलवायचे नाहीत), एक चल (जिचे उतरवायचे). चल वीणेचा पंचम मध्यमग्रामाच्या पंचमावर उतरवायचा, हा जो फरक पडला ती प्रमाणश्रुती, मग बाकीचे स्वर त्याच हिशेबाने उतरवायचे, परत उतरवायचे, दुसऱ्या सारणेत, म्हणजे दुसऱ्यांदा उतरवल्यावर, चल वीणेचे ग आणि नि हे ध्रुव वीणेच्या रे आणि ध ला येऊन मिळतात. हे सगळं कानाने! संवाद कानाला कळतो म्हणूनच ही कृती चालते. गुणोत्तरं ही त्या कानाने धरलेल्या गोष्टीचीच नंतर केलेली मोजणी आहे: चार श्रुती म्हणजे दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर ९/८, सुमारे २०४ सेंट (सप्तकाचे बाराशे सारखे भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट), तीन म्हणजे १०/९, १८२ सेंट, आणि दोन म्हणजे १६/१५, ११२ सेंट. २०४ ची तीन, १८२ ची दोन आणि ११२ ची दोन अशा सातही अंतरांची बेरीज बरोब्बर १२००. बावीसही श्रुती सारख्या धरल्या तर एक साडेचोपन्न सेंटची होते आणि तेरा श्रुतींचा पंचम ७०९ वर जातो, शुद्ध पंचम ७०२ चा. तंबोऱ्याशी लावून ऐका, सात सेंटचा फरक लपत नाही.

आता दोन मापांचं. नुसते पंचम एकावर एक रचत गेलात तर सात स्वरांत खरंच दोनच मापं निघतात, २०४ आणि ९०, आणि संवादाच्या जोड्या पाच नाही तर सहा मिळतात. या बाबतीत दोन मापं वरचढ आहेत, हे मोकळेपणाने मान्य. पण मग गांधार ४०८ सेंटवर जातो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो ३८६ चा. हार्मोनियमचा ४००, तोही चढाच. तो स्वयंभू गांधार हवा असेल तर २०४ च्या शेजारी १८२ लागतोच, आणि १८२ आला की तिसरं माप आलंच. षड्जग्रामात हे गोड अंतर म-ध आणि नि-रे मध्ये मिळतं, मध्यमग्रामात त्यात ग-प ची भर पडते. एक पंचम सोडून हे मिळत असेल तर मला तो सौदा मान्य आहे.

आणि तिन्ही मापं आतून उघडली की परत तीनच तुकडे निघतात: ९०, ७० आणि २२ सेंटचे. दोन श्रुतींत ९० आणि २२, तीन श्रुतींत त्यात एक ७० मिळवा, चार श्रुतींत आणखी एक २२. सगळं मोजलंत तर ९० चे सात, ७० चे पाच, २२ चे दहा, बेरीज बावीस. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये आणि पुढे इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुती अशाच गुणोत्तरांनी मांडल्या, भातखंड्यांना ते पटलं नाही, आणि वाद अजून संपलेला नाही. भरताच्या मनात असेच असमान तुकडे होते का यावर तुमचा आक्षेप असेल तर जरूर लिहा, त्यावर बोलण्यासारखं खूप आहे. पण सात स्वरांतली तीन मापं त्या वादावर अवलंबून नाहीत, ती संवाद आणि गांधार या दोन्हींच्या मागणीतून येतात.