भिंतीचं पोट

बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर रो-हाऊस घेतलंत, अभिनंदन. 'हिल व्ह्यू'चे पैसे एजंटने वाजवून घेतले, आणि तो व्ह्यू आता दर पावसाळ्यात थोडा थोडा घरपोच मिळतोय. तेव्हा संरक्षक भिंत घालायची म्हणता. घाला. मी घालून बसलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

दिवाळीनंतर जमीन कोरडी असते, गवंडी मोकळे असतात, आणि भिंतीला पक्की व्हायला सहा महिने हाताशी असतात. हा काळ विषय काढण्यात घालवा. घरात काढा, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काढा. ठेकेदाराला फोन मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यातच करा. हवामान खात्याच्या हिशेबाने मान्सून मुंबईत 11 जूनला पोचतो. तीन आठवडे उरतात. टेकडीचा पायथा उकरून उघडा टाकायला तेवढे पुष्कळ झाले.

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नादी लागू नका. तो आधी माती तपासा म्हणतो, मग दहा फूट भिंतीला पाच-सात फूट रुंदीचा पाया सांगतो आणि तुमच्या परसातली कढीपत्त्याची जागा खातो. आमच्या भाऊंनी (ठेकेदाराला भाऊ म्हणायचं असतं, निदान काम सुरू होईपर्यंत) मातीची चाचणी जागेवरच उरकली. चपलेची टाच दोनदा आपटली आणि म्हणाले, "साहेब, कडक मुरूम. दोन फूट पाया रग्गड झाला." एस्टिमेट तिथेच एका लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहून दिलं, रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. कंपाउंडला जो रेट, त्यात थोडी भर.

आता कंपाउंडची भिंत शेळी अडवते आणि ही टेकडी अडवणार, एवढाच काय तो फरक. इथे एखादा मेव्हणा नाक खुपसतो. उंची दुप्पट झाली की मागचा रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवायचा जोर आठपट, असं सांगतो. बरोबरच सांगतो. पण ज्या रेटमध्ये फक्त लांबी आहे त्यात उंची बसवायची कुठे? तीन एस्टिमेटं मागवा आणि सगळ्यात कमीचं घ्या. त्यात काय काय नाही हे विचारू नका, विचारलं की ते वाढतं.

यानंतरचा मुद्दा भोकांचा. इंजिनिअर लोक त्यांना वीप होल म्हणतात. मुरलेलं पाणी भिंतीमागे कोंडू नये म्हणून आरपार पाईप टाकायचे, त्यांच्या मागे खडीचा थर भरायचा, आणि माती खडीत शिरून ती चोंदू नये म्हणून मध्ये जाळीदार कापड लावायचं. हे सगळं ऐकायला छान, पण दिसायला? हिने एकाच वाक्यात निकाल लावला, "घराला गोळ्या घातल्यासारखं दिसेल." शिवाय झुरळं, शिवाय साप. भाऊंचा स्वभाव समजूतदार. त्यांनी मधला मार्ग काढला. भिंतीच्या तोंडाशी वीतभर पाईपाचे तुकडे बसवले, एका ओळीत, ओळंब्यात. त्यांचं मागचं टोक काँक्रीटमध्येच संपतं. पाहुण्यांना पाईप दिसतात, सापाला वाट नाही.

आणि मागे खडी कशाला? खडीला ब्रासवर (म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने) पैसे पडतात, राडारोडा फुकट येतो, उलट देणारा टेम्पोभाडं देतो. माझ्या भिंतीमागे सेक्टरमधल्या दोन बाथरूमच्या फरशा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एक फिकट गुलाबी कमोड आहे. त्यावर मातीचा थर, त्यावर लॉन. लॉनला रोज पाणी. इकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यात आपलाही खारीचा वाटा.

दहा फूट उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांहून जास्त रेटा येतो, तोही नुसत्या पाण्याचा. हा आकडा मला नंतर कळला. तुम्हीही नंतरच कळून घ्या, आधी कळला तर झोप लागत नाही. 2019 च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात मध्यरात्री भिंत कोसळली आणि झोपड्यांत झोपलेली माणसं गेली. ते मी भाऊंपाशी काढलं होतं. त्यांनी तंबाखू मळता मळता शांतपणे सांगितलं, "ती सरकारी भिंत होती साहेब. आपली प्रायव्हेट आहे."

माल पातळ दिसला तर बोलू नका. गोणीमागे पाणी जास्त पडलं की काँक्रीट कमजोर होतं हे खरं, पण घमेल्यातून कसं सुळकन उतरतं! बिगाऱ्याचा जीव वाचतो. क्युरिंगचंही तेच. किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं. आमच्याकडे वॉचमनने दोन दिवस पाईप धरला, तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि भाऊ म्हणाले, "आता वरचा मारेल पाणी." मारलं.

पैशांच्या बाबतीत दिलदार राहा. निम्मे काम सुरू व्हायच्या आधी, उरलेले प्लॅस्टर झालं त्या संध्याकाळी. 'शेवटचा हप्ता एक पावसाळा बघून देतो' हे असं तोंडावर बोलून कष्टाच्या माणसाचा अपमान कोण करतं? बिल मागितलंत तर जीएसटी वेगळा, तेव्हा तेही नको. लग्नपत्रिका जपून ठेवा. तीत निदान तारीख असते, दुसऱ्याच्या लग्नाची का होईना.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीला पोट सुटेल. आधी वाटेल नजरेचा दोष आहे. मग लाईनदोरी लावून बघाल. मधोमध चार बोटं पुढे, आणि प्लॅस्टरला आडवी चीर. पाईपांच्या तोंडातून एक थेंब नाही, चिरेतून मात्र गढूळ धार. भाऊंना फोन लावा. ते गावी भात लावणीला गेलेले असतील, पण व्हिडिओ कॉलवर येतील. "भिंत जागेवर आहे साहेब. टेकडी पुढे आली." या वाक्याला उत्तर नाही, मी शोधलंय.

उपाय त्यांच्याकडे तयार आहे. या भिंतीला बाहेरून टेकू द्यायला दुसरी भिंत, थोडी जाड. जुने गिऱ्हाईक म्हणून रेट तोच, रनिंग फुटावर.

फक्त बाहेरची बाजू खालच्या रो-हाऊसवाल्या काकांच्या हद्दीत येते. त्यांची मुलं त्याच भिंतीच्या सावलीत क्रिकेट खेळतात, आणि काकांनी परवा वर येऊन विचारलं, "तुमची भिंत अशी गर्भारशी का दिसते हो?" मी विषय बदलला. काल पुन्हा आले, हातात छत्री, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. त्यांना पलीकडच्या बाजूला भिंत घालायची आहे, टेकडीकडची. चांगला माणूस आहे का म्हणाले. मी भाऊंचा नंबर सांगू लागलो, तर काकांनी खिशातून लग्नपत्रिका काढली. एस्टिमेट मेमध्येच घेऊन ठेवलं होतं त्यांनी.