आईला पबचा शेअर समजावताना

"दारूच्या दुकानात पैसं घातलंस व्हय गं तू?"

आईचा फोन. माझ्याकडे सकाळचे साडेसात, अजून चहासुद्धा झाला नव्हता. चूक माझीच. इंग्लंडातल्या आमच्या गावाने मिळून बंद पडलेला पब विकत घेतला, त्यातल्या माझ्या शेअरच्या दाखल्याचा फोटो हौसेने भावाला पाठवला, त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि आईने चष्मा लावून त्यातला 'पब' एवढा एकच शब्द बरोबर वाचला.

तिच्या रागाला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं, तेव्हा दारोदार फिरणाऱ्या बायकांत ती पुढे होती. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या बायकांनी भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी मुंबईला लेकाकडे गेलीय, जी अंथरुणाला खिळलीय, जी कधीच वारली पण यादीत अजून जिवंत आहे, त्या सगळ्या दुकानदाराच्या बाजूने धरल्यासारख्याच. तरीही आमच्या बायकांनी दुकान बंद पाडलं. आणि आता त्याच बाईची लेक इंग्लंडात जाऊन गावकऱ्यांबरोबर दारूचं दुकान उघडते म्हटल्यावर तिने फोन करायचा नाही तर काय करायचं?

तर ही पोस्ट निम्मी तिच्यासाठी आहे, निम्मी त्या मित्रमंडळींसाठी ज्यांनी फोटोखाली ग्लासाच्या इमोज्या टाकल्या.

आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या एका दरीतल्या लहानशा गावात राहतो. शाळा आमच्या आधीच बंद झाली होती, पोस्ट त्याच्याही आधी. बस आहे, रविवारी नाही. उरला होता पब, तोही एका मोठ्या कंपनीच्या मालकीचा. एक दिवस दारावर फळ्या ठोकल्या गेल्या आणि गावात कुजबुज सुरू झाली की आता इथे घरं होणार.

पब बंद पडला की लोक म्हणतात, हल्ली कोणी पीतच नाही. ते अर्धंच खरं. सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळते, २००७ मध्ये इंग्लंडात पबच्या आत सिगारेट बंद झाली, कोविडमध्ये कुलपं लागली, मग विजेची बिलं वाढली, हे सगळं आहेच. पण मुळाशी मालकी आहे, आणि तिची गोष्ट गमतीची आहे. १९८९ साली सरकारने ठरवलं की मोठ्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या, हातात फार पब एकवटलेत. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरींना वरच्या पबांपैकी निम्मे विकायला किंवा आपलीच बिअर घेण्याच्या बंधनातून मोकळे करायला लावलं. हेतू चांगला. झालं असं की ते पब घ्यायला बिअर न बनवणाऱ्या, नुसत्या इमारती गोळा करणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. अशा कंपनीचा पब चालवणारा बहुतेक वेळा भाडेकरू असतो. भाडं कंपनीला, आणि बिअरही कंपनीकडूनच घ्यायची, ती सांगेल त्या भावाने. बाहेर तेच पिंप स्वस्त मिळत असलं तरी घ्यायची सोय नाही. तीन-चार भाडेकरू असे थकून गेले की कंपनी म्हणते, हा पब चालत नाही, विकून टाकू. रिकाम्या इमारतीला घर म्हणून पबपेक्षा जास्त किंमत येते. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत.

आमच्या गावाने काही नवीन शोध लावलेला नाही. वेल्समध्ये ग्विनेथ भागात श्लिथ्व्हाइन नावाचं गाव आहे (वेल्श उच्चार मराठीत लिहायचा म्हणजे दिव्यच, शेजारच्या वेल्श बाईने तीनदा म्हणून दाखवला). ग्रॅनाइटच्या खाणींवर जगलेलं. तिथल्या लोकांनी बंद पडलेला पब १९८८ साली स्वतःच्या हातात घेतला, तो आजही गावाचाच आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने आधी १९९९ मध्ये पबमागची ब्रुअरी सहकारी केली आणि २००३ मध्ये पबच विकत घेतला. गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन त्याच परिसरात राहतात, तेही तिथल्या सहकारी ब्रुअरीचे सभासद.

पण माझं मन वळलं ते हडस्वेल बघून. यॉर्कशरमध्ये रिचमंडजवळ, स्वेल नदीच्या वरच्या अंगाला हे गाव. लोकसंख्या काही शे. तिथला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २००८ मध्ये बंद पडला. गावाने संस्था काढली, शेअर विकले, इमारत घेतली आणि जून २०१० मध्ये पब पुन्हा उघडला. फीत कापायला तिथले खासदार विल्यम हेग आले होते, महिन्याभरापूर्वीच परराष्ट्रमंत्री झालेले. आम्ही गेलो तेव्हा मी बिअरपेक्षा बाकीच्याच गोष्टी बघत बसले. आत छोटं वाचनालय, स्वयंसेवकांनी चालवलेलं किराण्याचं दुकान, मागे गावकऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिलेले वाफे. पारंपरिक पद्धतीची बिअर आणि पब यांच्यासाठी झगडणाऱ्या 'कॅमरा' या संघटनेने २०१६ सालचा देशातला सर्वोत्तम पब म्हणून याच पबची निवड केली.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. गावाने इमारत विकत घेतली होती, गल्ल्यावर मात्र एक अनुभवी भाडेकरू बसतो. फरक इतकाच की त्याचा मालक आता गाव आहे, आणि त्या मालकाला भाडेकरू टिकायला हवा असतो.

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या गावांच्या हाती एक हत्यार आलं. ग्रामपरिषदेने किंवा एकवीस स्थानिक मतदारांच्या गटाने अर्ज करून एखादी वास्तू 'समाजाच्या मोलाची' म्हणून कौन्सिलच्या यादीत घालता येते. नाव पाच वर्षं राहतं. मालकाने विकायला काढली की कळवावं लागतं, आणि गावाने सहा आठवड्यांत हात वर केला तर सहा महिने ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. अशा यादीत पबांपैकी पहिलं नाव लागलं ते लंडनमधल्या नन्हेडच्या 'आयव्ही हाउस'चं. २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी मिळून तो पब वाचवला. पण हा हक्क बोली लावण्याचा आहे, विकत घेण्याचा नाही. सहा महिने संपले की मालक तुम्हाला 'नाही' म्हणून बिल्डरला विकायला मोकळा. स्कॉटलंडमध्ये कायदा याहून पुष्कळ पुढे गेला आहे, तिथे नोंदणी केलेल्या गटाला आधी घेण्याचा हक्कच आहे. इंग्लंडने अर्धवट दिलं, असं माझं स्पष्ट मत.

आमच्या गावानेही असाच हात वर केला. ते सहा महिने कसे गेले ते विचारू नका. मेथडिस्ट चॅपलच्या थंडगार हॉलमध्ये दर मंगळवारी सभा. निम्मी सभा छताच्या अहवालावर, निम्मी 'पबमध्ये कुत्री आत घ्यायची का' यावर. किल्ली हातात आली त्या शनिवारी आम्ही पंचवीसेक जण गालिचा उचलायला गेलो. वर्षानुवर्षांची सांडलेली बिअर पिऊन तो फरशीला असा चिकटला होता की खरवडताना कुदळीची आठवण आली. निवृत्त प्लंबर, मेंढपाळ, शाळेतली बाई, मी. तळघरातल्या बिअरच्या नळ्या आठवड्याला धुवाव्या लागतात हे मला तिथे कळलं. त्या दिवशी मी वीस माणसांसाठी पोहे नेले होते. दोघांनी खाल्ले, मेंढपाळाने तीनदा घेतले.

आता आईचा प्रश्न. ती सातवी शिकलेली आहे, पण वीस वर्षं गावच्या दूध सोसायटीत दूध घालते, त्यामुळे सहकार तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी म्हटलं, डेअरीत तुझा शेअर आहे ना, तसाच हा. कुणाचे पन्नास हजार असोत की माझे अडीचशे, मत एकच. शेअर बाजारात विकता येत नाही. सोसायटीकडे पैसा असला तर तेवढाच परत मिळतो, बुडाली तर गेला. आणि या गावांना मार्ग दाखवणारी प्लंकेट नावाची संस्था आहे ना, ती १९१९ मध्ये ज्या होरेस प्लंकेटने काढली तो आयर्लंडमध्ये गावोगावी सहकारी डेअऱ्या काढत फिरलेला माणूस.

"म्हंजी आपल्यातलाच," आई म्हणाली.

तिचा मुख्य मुद्दा मात्र तसाच होता. मी तिला फसवलं नाही. हो, तिथे दारू विकली जाते. इथेही दारूने संसार मोडलेत. पण साताऱ्याकडच्या आमच्या गावातलं दुकान बसायची जागा नव्हतंच. गडी पाठमोरे उभे राहून घोट मारायचे आणि घरी येऊन बायकोला मारायचे. बायका तिथे पाऊल टाकत नव्हत्या, आणि त्या दुकानाबद्दल त्यांना काही विचारावं असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. इथल्या कमिटीत सातपैकी चार बायका आहेत. दुपारी म्हाताऱ्या विणकाम घेऊन बसतात, चहा पितात. पब बंद होता त्या काळात पिणारे प्यायचे थांबले नाहीत, सुपरमार्केटची बाटली घेऊन एकटे घरात बसले. आईच्या गावाने दुकान बंद केलं, माझ्या गावाने उघडलं, आणि दोन्ही वेळा गावाने आपलं आपण ठरवलं, असं मला वाटतं. तिला ते अजून पटलेलं नाही. न पटो.

एक खुपणारी गोष्टही सांगते, नाहीतर ही जाहिरात होईल. हे सगळ्या गावांना जमत नाही. आमच्याकडे एक निवृत्त वकील होता, एक हिशेबनीस होती, आणि पाच हजार पौंड सहज बाजूला टाकू शकणारी दहा-बारा घरं. दरीच्या खालच्या टोकाला, जिथे कारखाना गेला आणि भाड्याची घरं आहेत, तिथला पबही त्याच सुमाराला गेला. तिथे सभा भरलीच नाही. श्लिथ्व्हाइनसारखी गावं आहेत म्हणून 'हा श्रीमंतांचा छंद आहे' असं मी म्हणणार नाही, पण सरकारी मदतीशिवाय बहुतेक जागी तसंच होणार. त्यासाठी २०२१ मध्ये काढलेला पंधरा कोटी पौंडांचा निधी डिसेंबर २०२४ मध्ये नव्या अर्जांना का बंद झाला, हे मला अजून समजलेलं नाही.

परवा आईचा पुन्हा फोन. राग बराच उतरलेला.

"ऑडिट कोण करतं?"

सांगितलं.

"वार्षिक सभेला कोरम भरतो का?"

भरतो म्हटलं, सभेनंतर फुकट 'पाय' असतो, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ.

"लाभांश?"

पहिली तीन वर्षं नाही.

ती जरा वेळ गप्प बसली. "कारखाना दिवाळीला सभासदाला सवलतीत साखर तरी देतो. तुमचा पब काय देतो?"

पुढची सभा फेब्रुवारीत आहे. ऐनवेळच्या विषयांत मांडणार आहे.