पोच्या काठचा धावपटू आणि आपला भूमिपुत्र

६ ऑगस्ट २०२१ रोजी, इटलीत दुपारचे चार वाजायला दहा मिनिटे असताना, टोकियोत पुरुषांच्या ४ × १०० मीटर रिलेची अंतिम शर्यत सुरू झाली. लोरेन्झो पात्ता, मार्सेल जेकब्स, फाउस्तो देसालू आणि फिलिप्पो तोर्तू या चौघांनी ती ३७.५० सेकंदांत जिंकली. ब्रिटन अवघ्या एका शतांश सेकंदाने मागे राहिला. तोर्तूने शेवटच्या पावलांत ब्रिटिश धावपटूला गाठले, ते दृश्य सर्वांच्या लक्षात राहिले. मला मात्र त्याआधीचे वळण आठवते, कारण त्या वळणावर धावणारा देसालू हा, मी राहतो त्या पार्मा शहराकडून निघून पो नदीवरचा पूल ओलांडला की लागणाऱ्या कासाल्माज्जोरे गावचा मुलगा आहे.

तो १९९४ साली तिथेच जन्मला. आईवडील नायजेरियाचे. आईने त्याला एकटीने वाढवले, आणि तेही वृद्धांची त्यांच्या घरी राहून सेवा करण्याच्या कामावर. हे काम करणारीला इथे ‘बादांते’ म्हणतात आणि ते बहुतेक परदेशातून आलेल्या बायकाच करतात. शाळा, मित्र, पहिले मैदान, पहिले प्रशिक्षक, सारे त्याच गावातले; तरीही अठराव्या वर्षापर्यंत कागदोपत्री तो परका होता. इटलीच्या १९९२ च्या कायद्यानुसार परकीय आईबापांच्या पोटी इथे जन्मलेल्या मुलाला सलग १८ वर्षे इथेच राहून, त्यानंतरच्या एका वर्षाच्या आत नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो. तोवर क्लबसाठी धावता येते, देशाची निळी जर्सी घालता येत नाही. देसालूला नागरिकत्व मिळाले ते २०१२ मध्ये. पुढे तो करचोरी आणि तस्करी रोखणाऱ्या अर्थपोलिसांच्या क्रीडापथकात दाखल झाला. बीडच्या धावपटू अविनाश साबळेला जसा सैन्याने आधार दिला, तसाच इथल्या खेळाडूंना या गणवेशधारी पथकांचा असतो, आणि त्या पथकांत जायलाही नागरिकत्व लागते. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला गेला आणि २०१८ च्या बर्लिन युरोपीय स्पर्धेत २०० मीटर २०.१३ सेकंदांत धावून सहावा आला. इटलीच्या इतिहासात तोवर त्याच्याहून वेगाने २०० मीटर धावलेला एकच माणूस होता, पिएत्रो मेन्नेआ.

मेन्नेआचे नाव इथे सहज आलेले नाही. १९७९ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने नोंदवलेला १९.७२ सेकंदांचा विश्वविक्रम जवळजवळ १७ वर्षे टिकला आणि १९८० मध्ये मॉस्कोत त्याने सुवर्ण जिंकले. तो दक्षिणेकडच्या बार्लेत्ता गावातल्या शिंप्याचा मुलगा. त्याच्या लहानपणी दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना उत्तरेकडच्या तोरिनो शहरात ‘दक्षिणेकडच्यांना जागा भाड्याने मिळणार नाही’ अशा पाट्या वाचाव्या लागत. तेव्हा परका म्हणजे आपल्याच देशाचा, आपल्याच धर्माचा, फक्त बोली वेगळी असलेला माणूस होता. मुंबईत वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

टोकियोनंतर इटलीच्या ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जोव्हान्नी मालागो यांनी आग्रह धरला की, अशा खेळाडूंना अठरावे लागताच नागरिकत्व मिळावे, कचेऱ्यांच्या खेपांत त्यांची उमेदीची वर्षे जाऊ नयेत. मागणी योग्यच होती; तरी मला ती अपुरी वाटली आणि आजही वाटते. देसालूच्या वर्गात त्याच्यासारखीच, पण शंभर मीटर सामान्य वेळेत धावणारी मुले असतीलच. त्यांनी काय करावे? जून २०२५ मध्ये, प्रौढ परदेशीयांसाठीची वास्तव्याची अट दहा वर्षांवरून पाचवर आणण्यासाठी सार्वमत झाले. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करणे आवश्यक होते, प्रत्यक्षात सुमारे ३० टक्केच आले आणि प्रस्ताव बारगळला.

माझी मुलगी पार्मात जन्मली, आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या निवास परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलो, तेव्हा काचेवर तिचे बोट नीट टेकेना म्हणून अधिकारीबाईंनी हळुवारपणे ते धरून दाबले आणि बोलता बोलता विचारले, तू कुठली? तिने क्षणभरही न थांबता सांगितले, पार्माची. बाई हसल्या, मला त्या वेळी काहीच बोलवेना.

म्हणूनच, गावाकडच्या मित्रांशी भूमिपुत्र आणि परप्रांतीय यांवर वाद होतो तेव्हा मी पूर्वीसारखा बोलू शकत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, विरोध झाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्या विरोधात मी मनापासून होतो आणि आहे. महाराष्ट्रात मराठीच आधी आली पाहिजे. पण त्याच चर्चेत कोणाचे आजोबा कुठून आले हे विचारले जाऊ लागले की माझे पाऊल अडखळते. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला, २०१९ च्या अखेरीस वडिलांच्या गावी आला, तेव्हा आपण सगळे हरखलो होतो. आयर्लंडने त्याच्या वडिलांचे गाव विचारत बसावे असे आपल्यापैकी कोणालाच वाटले नसते.

इटलीचा दोष असा की तिने या मुलांना भाषा पहिल्या दिवसापासून दिली आणि कागद मात्र अठरा वर्षे अडवून ठेवला. आपले नेमके उलटे आहे. भारतीय म्हणून कागद सर्वांपाशी आहे, अधिवासाचा दाखलाही १५ वर्षांनी मिळतो. भाषा द्यायची वेळ आली की आपण हात आखडतो. सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, परंतु तो मनापासून राबवण्यापेक्षा रिक्षावाल्याकडून मराठी वदवून घेण्यात आपला जोर खर्ची पडतो.

माझी धाकटी बहीण चाकणजवळच्या एका मराठी शाळेत शिकवते. तिच्या वर्गातली निम्मी मुले कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांची आहेत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांशी मराठीतच भांडतात. त्यांतला एक मुलगा आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धेत शंभर मीटरला पहिला आला, अनवाणी. ‘हा आपला का?’ असे कडेच्या कोणीतरी विचारले, तेव्हा बहिणीने ‘माझ्या वर्गातला आहे’ एवढेच सांगितले. तालुक्याच्या स्पर्धेला जाण्याआधी त्याच्यासाठी बूट घ्यायचे आहेत, मापही तिने कळवले आहे. या डिसेंबरात मी येताना ते घेऊन येणार आहे.